मांगरासाठी पडलेल्या झाडांच्या फांद्यांचं शिल्प: लाकूड, सांधे, तेल

मांगरकर | 2 नोव्हेंबर

मालवण तालुक्यात आमची आंबा-फणसाची लहान वाडी आहे. वाडीत आजोबांच्या वेळचा मांगर, म्हणजे राखणीची झोपडी आहे, साधारण बारा फूट बाय पंधरा, चिऱ्याच्या अर्ध्या भिंती आणि वर मंगलोरी कौलं. आंब्याच्या दिवसांत राखणीचा माणूस तिथेच राहायचा, अढीही तिथेच घातली जायची. आता वासे कुजलेत आणि पूर्वेकडचा खांब वाळवीने पोखरलाय. येत्या पावसाच्या आत मांगर पुन्हा उभा करायचा आहे.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाचा किनारा धरून वर सरकलं, तेव्हा वाडीतला मोठा फणस, शिवणी आणि विहिरीवरचं जांभूळ आडवं झालं. खोडं कापणीला गेली, त्यांच्या फळ्या झाल्या. फांद्या जळाऊ म्हणूनही कुणी न्यायला तयार नव्हतं. मनगटाएवढ्यापासून मांडीएवढ्या जाडीच्या, वेड्यावाकड्या, बेचक्यांच्या अशा बऱ्याच फांद्या मी साल काढून घराच्या माळ्यावर रचून ठेवल्या. गेल्या पावसात आणखी एक शिवण मोडली, तिच्या फांद्या अजून ओल्या आहेत.

सरळ लाकडाला भाव आणि वाकड्याला चूल हा हिशेब मला पटत नाही. जुन्या गोठ्यांत, मांगरांत मेढी असायच्या. बेचक्याचा खांब रोवायचा आणि बेचक्यात आडवं लाकूड टाकायचं. झाडाने स्वतः घडवलेला सांधा जसाच्या तसा वापरायची ती रीत होती. तीच पुढे न्यायची माझी इच्छा आहे. शिल्प म्हणून वेगळं काही करून कोपऱ्यात ठेवायचं नाही. जी फांदी भार घेईल, जी वारा अडवेल, तिचंच शिल्प व्हावं.

डोक्यात तीन गोष्टी आहेत:
पूर्वेचा खांब फणसाच्या तिहेरी बेचक्याचा, झाडासारखा.
अर्ध्या भिंतीच्या वर पश्चिमेला बारीक फांद्यांची जाळी.
दारावर एखादा पक्षी किंवा आकृती, अजून ठरलेलं नाही.

लाकूड पुरेसं सुकलंय हे कसं ओळखायचं, सांधे कसे करायचे, खाऱ्या वाऱ्याला काय टिकतं, जाणकारांनी सांगावं. हाताने काम केलेल्यांचं तर जरूर ऐकायचं आहे.

वाकस | 2 नोव्हेंबर

मांगरकर, धागा काढलात ते फार चांगलं केलंत. आमचं घराणं कुडाळकडचं, सुतारकामातलं. सविस्तर लिहितो.

फांदी म्हणजे लहान खोड नव्हे, हे आधी मनात पक्कं करा. आडवी वाढलेली फांदी जन्मभर स्वतःचं वजन तोलत असते. आंबा, फणस, शिवण यांसारख्या रुंद पानांच्या झाडांत ती वरच्या अंगाला ताण घेणारं वेगळं लाकूड तयार करते, त्यामुळे मधला कणा मध्यावर न राहता एका बाजूला सरकतो. अशी फांदी उभी चिरलीत की कोंडलेला ताण सुटतो आणि फळी धनुष्यासारखी वळते. म्हणून फांदी शक्यतो चिरू नये, गोलच वापरावी.

गोल ठेवली तर ती तडकणार. लाकूड आक्रसतं ते गोलाईच्या दिशेने, मध्याकडून सालीकडच्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट. कणा आत असलेल्या ओंडक्याला हे सोसत नाही, कुठेतरी उभी चीर पडतेच. ती कुठे पडावी हे आपण ठरवायचं. खांबाची जी बाजू भिंतीकडे जाणार, त्या बाजूला करवतीने कण्यापर्यंत एक उभी खाच घ्या. पुढचं आक्रसणं त्या खाचेत जिरतं आणि दर्शनी बाजू शाबूत राहते. जुन्या ओंडक्यांना चीर गेलेली असेल तर तीच बाजू मागे करा.

टोकांतून पाणी सगळ्यात लवकर निघून जातं, म्हणून चिरा टोकापासून सुरू होतात. नव्या शिवणीच्या फांद्यांची टोकं आजच मेणाने नाहीतर उरलेल्या ऑइलपेंटने बंद करा. साल काढा, सालीखाली भुंगे अंडी घालतात.

सुकल्याची खूण: इंचाला एक वर्ष हा जुना अंदाज आहे, पण आपल्याकडच्या हवेत त्याच्यावर विसंबू नका. एक फांदी वजनकाट्यावर घाला, आठवड्याने परत घाला. उतरायचं थांबलं की त्या ऋतूपुरती ती सुकली. "त्या ऋतूपुरती" यासाठी की जून ते सप्टेंबर तेच लाकूड हवेतलं पाणी परत पितं. पावसाळ्यात आपल्याकडे लाकडाचा ओलावा 18-20 टक्क्यांपर्यंत सहज चढतो, आणि 20 च्या वर बराच काळ राहिलं की बुरशीला रान मोकळं. त्यामुळे उन्हाळ्यात केलेलं कुसू (सांध्यासाठी टोकाला काढलेली जीभ) खाचेत इतकं घट्ट बसवू नका की जुलैत फुगून खाचच फाटेल.

जातींबद्दल: फणसाचा पिवळा गाभा उत्तम, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण फांदीत गाभा थोडा आणि बाहेरचा पांढरा भाग जास्त असतो. तो पांढरा भाग किड्याचं खाद्य आहे. खांबाला तो तासून काढा, हाताला जड जाईल पण काढाच. शिवण कोरायला यासारखं लाकूड नाही, कमी हलतं, पटाशीखाली लोण्यासारखं सुटतं. जांभूळ पाण्याला टिकतं, पण त्यात लोखंडी खिळा मारलात तर भोवती काळा डाग धरणारच. आंबा आणि काजू बाहेरच्या कामाला घेऊ नका.

भिरंडसार | 3 नोव्हेंबर

मांगरकरांनू, इचार बरो आसा. पण एक सांगतंय. दारार माणसासारखी दिसणारी आकृती करू नकात. आमच्या वाडयेत एकान फणसाचो खांब असोच उभो केल्यान आणि वर तोंडवळो काढल्यान. थोड्या दिवसांनी लोका थंय केळी ठेवक लागली, मगे राखणदार म्हणाक लागली. आता तो खांब हलवक कोण तयार नाय. पक्षी करा, मासो करा. माणूस नको.

सुरंगी | 3 नोव्हेंबर

भिरंडसार यांचं म्हणणं गंभीरपणे घ्या. आपल्याकडे लाकडाच्या मूर्तीला देवत्व यायला वेळ लागत नाही. आरवलीच्या वेतोबाची आज पंचधातूची मूर्ती आहे, पूर्वीची फणसाच्या लाकडाचीच होती. फणसात आकृती काढताना हे भान असू दे.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. "पडलेलं लाकूड" म्हटलं की ते कुणाचंच नाही असं आपण धरून चालतो, तसं नसतं.

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 चा आहे. त्याच्या अनुसूचीत खासगी जमिनीतलीही काही झाडं येतात: साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, चिंच, जांभूळ, आंबा, फणस, आणि खारफुटीसुद्धा. वादळानंतर पंचनामा झाला असेल तर तो कागद जपा, पडलेल्या झाडाचे फोटो ठेवा, आणि लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर आधी वनपालांना विचारून वाहतुकीचा परवाना घ्या. स्वतःच्या वाडीतलं लाकूड स्वतःच्याच मांगराला लावताय, त्यामुळे तुमची वाट सोपी आहे. हा धागा वाचून कुणी रस्त्याकडेची फांदी टेम्पोत घालू नये म्हणून लिहिलं.

देवराईतून काही आणू नका. तिथली पडलेली काटकीही तिथेच कुजायची असते. त्या कुजण्यावर भूछत्रं, वाळवी, भुंगे, त्यांच्यावर पक्षी, असं सगळं उभं आहे. गावकऱ्यांनी देवाच्या नावाने जे राखलं ते शिल्पासाठी मोडू नये.

आणि वाडीतलं एखादं वठलेलं पण उभं, पोकळ झाड असेल तर त्याला हात लावू नका. धनेशाला घरटं स्वतः कोरता येत नाही, त्याला जुन्या मोठ्या झाडातली ढोलीच लागते. सुंदर, पोकळ, गाठाळ लाकूड पाहून आपले हात शिवशिवतात, मला कळतं. पण ते लाकूड अजून कामावर आहे.

खाजण | 4 नोव्हेंबर

खाडीच्या तोंडाला पावसानंतर वाहून आलेली मुळं, फांद्या पडलेल्या असतात, लाटांनी घासून अगदी गुळगुळीत झालेल्या. मी त्या जमवतो. जाळीसाठी हव्या असतील तर मांगरकरांनी येऊन न्याव्यात. फक्त मला विचारायचंय की त्या घरात लावल्या की कायम दमट का लागतात? उन्हात महिनाभर वाळवूनही तेच.

डोलकाठी | 4 नोव्हेंबर

खाजण, त्यात मीठ भरलंय. मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं, ऊन कितीही द्या. गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं. त्याहून सोपं म्हणजे एक अख्खा पावसाळा उघड्यावर, दगडांवर उंच ठेवून द्यायचं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस फुकट धुऊन देतो. मग वाळवायचं.

आत पेन्सिलीएवढी गोल बोगदी दिसली आणि त्यांना आतून पांढरं, चुन्यासारखं अस्तर असलं, तर तो जहाजकिड्याचा मार. नावाला किडा, खरं तर शिंपल्याच्या कुळातला प्राणी. खाऱ्या पाण्याबाहेर तो जगत नाही, म्हणून घरात पसरायची भीती नाही. पण लाकूड आतून चाळण झालेलं असतं, भार घ्यायला ते निकामी. जाळीच्या वरच्या भागात शोभेला चालेल.

खाडीतल्या गेव्याच्या (खारफुटीतलं एक झाड) ओल्या फांद्यांपासून जपा. चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. वाळलेल्याचा भुसाही नाका-डोळ्यांत जाऊ देऊ नका. सड्यावरच्या बिब्ब्याच्या आणि रानबिब्ब्याच्या फांद्यांचंही तसंच, कातडीवर फोड येतात. ओळख पटत नसेल तर ती फांदी सोडून द्या.

चिरेबंदी | 5 नोव्हेंबर

मांगरकर, शिल्पाचं सगळे सांगतीलच, मी भाराचं सांगतो. तुमच्या मापाच्या छपराला पाखं आणि वळचण धरून चारशेच्या आसपास कौलं लागतील. एक मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं. म्हणजे टनभर वजन, आणि पावसात कौल पाणी पितं ते वेगळं. ज्या फांदीवर हे येणार ती फक्त दिसायला चांगली असून भागत नाही.

बेचकं निवडताना त्याचा तळ बघा. दोन फांद्या जिथे फुटतात तिथला कोन वाटीसारखा रुंद असेल तर दोन्हींचे तंतू एकमेकांत विणलेले असतात, ते बेचकं मजबूत. कोन अरुंद, टोकदार असेल तर बहुतेक वेळा मधे साल दाबली गेलेली असते. बाहेरून दोन फांद्या एक वाटतात, आत सालीचा पडदा असतो. असं बेचकं वजनाखाली उकलतं. सांध्याच्या माथ्यावर सालीची आत गेलेली काळी रेघ दिसली तर ते जाळीला वापरा, खांबाला नको.

खांब जमिनीत रोवू नका. मेढी रोवत असत हे खरं, पण त्या दर काही वर्षांनी बदलत असत. खांबाखाली तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड घ्या, आणि तो चिऱ्याचा नको, काळ्या दगडाचा घ्या. चिरा म्हणजे जांभा, तो पाणी वर ओढतो, खांबाचा तळ कायम ओला राहतो. काळ्या दगडाच्या तळखड्याला मधे लहान खळगा आणि खळग्यातून बाहेर पाणी जायला वाट. तळखडा जमिनीपासून निदान वीतभर वर हवा, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे लाकडावर उडत नाहीत आणि वाळवीची मातीची नळी वर चढताना डोळ्याला दिसते.

वादळात छप्पर खाली दाबलं जात नाही, वर उचललं जातं. तुमचा झाडासारखा खांब तळखड्यावर नुसता टेकलेला असेल तर ओढ घ्यायला काहीच नाही. तळाशी दांडा, माथ्याला तुळईशी पट्टी, दोन्ही हवं. दिसू नये म्हणून आतून घ्या, पण घ्या.

आगरवाट | 5 नोव्हेंबर

आम्ही श्रीवर्धनकडचे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आगरंच्या आगरं झोपली. नारळ-पोफळींचा खच होता, लोकांना वाट काढायलाच आठवडे गेले. तेव्हा पोफळीचे काही सोट मी बाजूला काढले होते. पोफळ कोरता येत नाही. बाहेरची दोन बोटं पोलादासारखी आणि आत भुसभुशीत काथ्या. पण उभी चिरून, आतलं खरवडून ज्या पट्ट्या निघतात त्या फार सुंदर, काळ्या-तपकिरी रेघांच्या. जाळीच्या चौकटीला त्या लावून बघा. चिरताना हातमोजे घाला, पोफळीची कूस हातात शिरली तर निघत नाही.

पागोळी | 7 नोव्हेंबर

मी सावर्ड्याला शिल्पकला शिकले, आता चिपळूणला असते. तांत्रिक बाजू इतकी भरभक्कम झाली आहे की मी फक्त आकाराबद्दल लिहिते.

फांदीत प्राणी शोधण्याची आपल्याला सवय असते. ही मान, ही शेपटी, हे शिंग, असं दिसलं की आपण डोळा कोरतो, चोच लावतो, आणि फांदी संपते. उरतो एक ओळखीचा प्राणी. त्याऐवजी आधी फांदी काय करते आहे ते बघा. ती वळली कुठे आणि का वळली? उजेडाकडे गेली, शेजारच्या फांदीला चुकवलं, तुटली तिथून दोन बाजूंना फुटली. तो निर्णय तिने घेतलेला आहे, आपण फक्त तो दिसेल असं करायचं. सगळ्या फांद्या एका ठिकाणी उभ्या करा, लांबून बघा, संध्याकाळच्या तिरप्या उजेडात बघा. कोळशाने त्यांच्या सावल्या भिंतीवर उतरवा. मी तरी अवजार हातात घ्यायच्या आधी बराच काळ सावल्याच काढते. सावलीत साल, रंग, गाठी दिसत नाहीत, नुसती ओढ दिसते.

जाळीत लाकडाइतकीच मधली रिकामी जागाही शिल्पाची असते. पश्चिमेची जाळी म्हणजे दुपारभर जमिनीवर पडणारी सावली. फांद्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे डोळा थांबतो, म्हणून सगळीकडे छेद नकोत. एका बाजूला दाट, दुसरीकडे हात बाहेर जाईल इतकं मोकळं.

पिंगुळीला ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या बघून या. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये या कामासाठी पद्मश्री मिळाली. बाहुलीचं लाकडी अंग फार थोडक्यात सांगितलेलं असतं, बाकीचं दोरी, कापड आणि हालचाल सांगते. किती कोरायचं नाही हे मी तिथे शिकले. त्याउलट सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडावर लाखेचा झगझगीत रंग चढवून लाकूड पूर्ण झाकतात. दोन्ही रीती आपल्या, दोन्ही मोलाच्या. मांगराला मात्र पहिली शोभेल असं मला वाटतं.

वाकस | 7 नोव्हेंबर

पागोळीताई, सावल्यांची कल्पना मनापासून आवडली. एका गोष्टीवर मतभेद आहे. अवजाराच्या खुणा ठेवायच्या म्हणून खडबडीत सोडलेलं लाकूड बाहेर टिकत नाही. प्रत्येक खळग्यात पाणी आणि धूळ बसते. रंधा-कानस मारून, घोटून गुळगुळीत केलेल्यावरून पाणी निथळतं.

पागोळी | 8 नोव्हेंबर

काका, घोटकाम आणि धारदार पटाशीचा साफ काप यांत फरक आहे ना? धार चांगली असेल तर तंतू कापले जातात, पिंजले जात नाहीत. कापलेल्या तंतूंवरून पाणी निथळतं. काचकागदाने पिंजलेल्या पृष्ठभागावर तर बुरशी लवकर धरते असा माझा अनुभव आहे.

वाकस | 8 नोव्हेंबर

साफ काप असेल तर मान्य. खळगे मात्र सगळे खाली उतरते ठेवा, पाणी साठेल असा एकही नको. आणि जिथे माणसाचा हात लागतो, खांदा घासतो, तिथे घोटाच.

मांगरकर | 21 नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक घेतो.

माळ्यावरचं तिहेरी बेचकं उतरवून बघितलं. एका फाट्याचा कोन चिरेबंदींनी सांगितला तसा टोकदार आहे आणि सालीची रेघ आत गेलेली दिसते. त्यावर भार देणार नाही. बाकीचे दोन वाटीसारखे आहेत, तुळई त्या दोघांवर बसेल. तिसरा फाटा मोकळाच राहील, दाराच्या दिशेने झुकलेला. आधी तो मला कापावासा वाटत होता. पागोळीताईंचं वाचल्यावर तोच मला खांबाचा सगळ्यात जिवंत भाग वाटायला लागलाय.

खाजण, तुमच्या काही फांद्या नक्की नेईन, एक पावसाळा धुऊन. त्या पुढच्या वर्षी जाळीच्या वरच्या ओळीत.

दारावरच्या आकृतीचं सुरंगीताईंच्या लिहिण्यातून सुचलं. धनेशाची मादी अंडी घालताना ढोलीत शिरते आणि विष्ठा, चोथा यांनी ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. एक अरुंद फट तेवढी ठेवते. नर महिनोन्‌महिने त्या फटीतून तिला फळं भरवतो. आमच्याकडच्या फणसाच्या एका जाड तुकड्याला गाठ कुजून पडलेली नैसर्गिक ढोली आहे. पूर्ण पक्षी करायचाच नाही. ढोली जशी आहे तशी, तिचं तोंड शिवणीच्या पातळ तुकड्याने लिंपल्यासारखं बंद, आणि फटीतून नुसतं चोचीचं टोक. ते टोकही कोरायला नको, शिवणीच्या एका वाकड्या डहाळीला तसा बाक आहेच.

आता प्रश्न तेलाचा. काजूच्या टरफलाचं तेल, उंडीच्या बियांचं तेल, की बाजारातलं वॉर्निश?

डोलकाठी | 21 नोव्हेंबर

आमच्या होड्यांना पूर्वी मोरी माशाच्या (शार्कच्या) काळजाचं तेल लावत. टिकतं, पण मांगरात बसायचं असेल तर वास सहन होणार नाही. उंडीचं तेल बरं, गावात कुणी गाळत असेल तर. कोमट करून दोन-तीन हात, मधे वाळू द्यायचं. काजूच्या टरफलाचं तेल वाळवीला सगळ्यात जालीम. ते खांबाच्या तळाला, तुळईच्या भिंतीत जाणाऱ्या टोकांना आणि वाशांना वरून लावा, जिथे हात लागत नाही तिथे.

सुरंगी | 22 नोव्हेंबर

काजूचं तेल लावताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या घाला. बिब्ब्याच्याच कुळातलं झाड आहे, कातडी भाजते. मुलांचे हात पोचतात तिथे ते लावूच नका.

वाकस | 22 नोव्हेंबर

वॉर्निश नको. त्याचा पापुद्रा लाकडाबरोबर फुगत-आक्रसत नाही. पहिल्या उन्हाळ्यात भेगाळतो, पावसात त्या भेगांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. तेल दरवर्षी लावावं लागतं, पण खरवडावं लागत नाही.

तेलाच्या आधी किड्याचा बंदोबस्त. नव्या शिवणीच्या फांद्या अजून ओल्या आहेत ना, मग हीच वेळ. दहा लिटर पाण्यात 200 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड आणि 300 ग्रॅम बोरॅक्स. पाणी गरम असेल तर लवकर विरघळतं. साल काढलेल्या ओल्या फांद्यांना ब्रशने भरपूर पाजा आणि ताडपत्रीत गुंडाळून ठेवा. ओल्या लाकडातून औषध आतपर्यंत पसरतं, वाळलेल्यात वरवरच राहतं. पावसाच्या माऱ्याने ते धुऊन जातं, म्हणून हे फक्त छपराखाली राहणाऱ्या लाकडाला. भांडी वेगळी ठेवा, गुरांना ते पाणी पिऊ देऊ नका.

चिरेबंदी | 22 नोव्हेंबर

स्क्रू घेताना दुकानात 316 नंबरचं स्टेनलेस स्टील मागा. साधं 304 समुद्रापासून इतक्या जवळ तपकिरी पडतं. जाळीला स्क्रूच नकोत, चिव्याच्या (बांबूच्या) जुनाट काठीच्या खुंट्या करा.

मांगरकर | 18 एप्रिल

बरेच दिवसांनी लिहितोय, काम चालू होतं. खांब उभा राहिला. काळ्या दगडाचा तळखडा गावातल्याच जुन्या पडक्या घराचा मिळाला, मालकांनी आनंदाने दिला. पांढरा भाग तासताना फणसाचा हळदीसारखा पिवळा भुसा सगळीकडे झाला. ब्रह्मदेश-थायलंडात भिक्षूंची वस्त्रं याच रंगाने रंगवत असं वाचलं होतं, तो भुसा पाहिल्यावर त्यात नवल वाटलं नाही. मागची खाच घेतल्यापासून पुढच्या बाजूला नवी चीर आलेली नाही.

जाळी आगरवाटांच्या सल्ल्याने पोफळीच्या पट्ट्यांच्या चौकटीत केली. शिवण आणि जांभूळ दोन्हींच्या फांद्या आहेत, सांधे चिव्याच्या खुंट्यांचे. जिथे दोन फांद्या नुसत्या टेकतात तिथे भिजवलेल्या काथ्याने बांधलं. जाळी एकसंध न करता तीन भागांत केली, म्हणजे उद्या एखादी फांदी किडली तर तेवढाच भाग उतरवता येईल.

ढोली झाली. चोचीचं टोक मात्र मला दोन प्रकारे बसवता येतं, ढोलीच्या आत पक्कं, किंवा सुटं, काढता येईल असं. तुम्ही काय कराल?

पागोळी | 18 एप्रिल

सुटं. चोच आणि लिंपण दोन्ही बारीक तुकडे आहेत, सगळ्यात आधी तेच जाणार. काढून तेल देता आलं पाहिजे, नवं बसवता आलं पाहिजे. फट थोडी मोठी ठेवा, आत अंधार दिसला पाहिजे. आणि ढोलीच्या आत काळा रंग देऊ नका, खोली असेल तर अंधार आपोआप येतो.

वाकस | 19 एप्रिल

सुटंच. चोचीच्या मागच्या टोकाला निमुळतं कुसू करा, आतून चिव्याची पाचर. कुसवाला खाचेत नखभर ढिलाई ठेवा, जूनमध्ये फुगून ते स्वतःच घट्ट बसेल. ढोलीच्या तळाला मागच्या बाजूने बोटभर भोक पाडा, आत गेलेलं पाणी निघून जायला. ते भोक तारेच्या बारीक जाळीने बंद करा, नाहीतर गांधीलमाश्या आत पोळं करतील. काथ्याच्या गाठी पहिल्या पावसानंतर एकदा ताणून बघा, पहिल्या वर्षी त्या थोड्या सैल होतात.

भिरंडसार | 19 एप्रिल

फोटो टाका हो. आमच्या काजवाच्या बागेतलो मांगरय यंदा उतरवचो आसा. फांद्यो ठेवन दिलंय, काजू सोडून बाकीचे.